आषाढातला हीटर

कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पश्चिमेला जेमतेम पंचावन्न किलोमीटरवर, गगनबावड्यात, तो पाच हजारांच्याही पुढे जातो. बालिंगे, कळे, साळवण करत जाणारी गाडी त्यामुळे दीड तासात एका मुलखातून दुसऱ्या मुलखात शिरते. कळ्यापर्यंत वायपर अधूनमधून लावला तरी चालतो. साळवणच्या पुढे तो बंद करायची सोय नसते. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलेलं नसेल तर गाडी पुढे सरकते, आणि मग गगनबावड्याच्या अलीकडे केव्हातरी, वायपर जीव तोडून फिरत असतानाही समोरचा रस्ता पुसट होत जातो. चालक पुढे वाकतो, डोळे बारीक करतो, लांबचा दिवा लावून बघतो. धुक्यावर पडलेला लांबचा दिवा उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. शेवटी शेजारी बसलेला कोणीतरी रुमाल काढून काच आतून पुसतो, आणि रस्ता दिसायला लागतो. दोन मिनिटं. मग पुन्हा तेच.

घाटात धुकं असतं हे सगळ्यांनाच माहीत आहे. गगनबावडा, आंबोली, आंबा, दाजीपूर ही सगळी समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटरच्या आसपासची ठिकाणं. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला धडकून वर चढते, थंड होते आणि जमिनीला टेकलेला ढग बनते. त्या ढगापुढे कुणाचं काही चालत नाही. वेग कमी करायचा, कडेचा पांढरा पट्टा धरायचा, एवढंच हातात असतं. पण काचेच्या आतल्या बाजूला धरणारी वाफ त्या ढगाची नाही. ती गाडीत बसलेल्यांची आहे, आणि तिचा बंदोबस्त करता येतो. तो आपण करत नाही याचं कारण मोठं मजेशीर आहे. त्यासाठी लागणारी वस्तू कोल्हापुरातल्या जुन्या जीपगाड्यांमधून आपण स्वतःच्या हातानं काढून टाकली आहे.

या भागातल्या चारही चाकं ओढणाऱ्या जुन्या गाड्यांचा गोतावळा मोठा. महिंद्राच्या एमएम ५४०, कमांडर, आर्माडा, पहिल्या पिढीच्या बोलेरो. मारुतीची जिप्सी, १९८५ सालची ९७० सीसीची आणि नंतर १३०० सीसीची. लष्कराच्या लिलावातून आलेली एखादी जोंगा. जोंगा म्हणजे जबलपूरच्या कारखान्यात बनलेली निसान पॅट्रोल, आणि तिच्या नावातलं ‘ज’ जबलपूरचंच. या गाड्यांची भावंडं, म्हणजे फक्त मागची चाकं ओढणाऱ्या लांब जीप आणि ट्रॅक्स, वडापला लागली. वडाप हा शब्द पुण्याच्या वर गेलं की समजावून सांगावा लागतो. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात लागत नाही. आठ माणसांच्या जागेत बारा बसवून, दोन मागच्या फळीवर उभे करून, एसटी पोचत नाही तिथे पोचणारी गाडी म्हणजे वडाप. काचेवरच्या वाफेचं शास्त्र शिकायला याच्याइतकी चांगली प्रयोगशाळा नाही.

हिशेब असा आहे. शांत बसलेला माणूस श्वासातून आणि कातडीवाटे तासाला साधारण चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात बाहेर टाकतो. बारा माणसं धरली तर तासाला अर्धा लिटर झालं. आता गाडीतली हवा बघा. लांब जीपमध्ये पाचएक घनमीटर हवा मावते. वीस अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सतरा ग्रॅम वाफ धरू शकते, पंचवीस अंशांना तेवीस. म्हणजे बंद गाडीतली सगळी हवा मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या वर वाफ पोटात ठेवूच शकत नाही, आणि बारा माणसं तेवढी पंधरा मिनिटांत सोडतात. मुळात पावसाळ्यात ही हवा कोरडी नसतेच. त्यात भिजलेल्या छत्र्या, प्लॅस्टिकचे कागद, एखाद्या म्हाताऱ्याच्या खांद्यावरची घोंगडी. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल हाताला न जाणवता पिऊन ठेवते आणि गाडीच्या उबेत सावकाश सोडत राहते.

आतली हवा माणसांच्या अंगानं पंचवीस-सव्वीस अंशांवर जाते. पुढची काच मात्र पावसाच्या आणि वाऱ्याच्या माऱ्यानं बाहेरच्या वीस-एकवीस अंशांवर असते. काचेला टेकलेली हवा थंड झाली की तिला जास्तीची वाफ धरवत नाही, ती काचेवर सोडावी लागते. आषाढात गुळाची ढेप उघडी ठेवली की पाझरते, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. पण गूळ हवेतली ओल स्वतः ओढून घेतो, त्याचा स्वभावच तो. काच काहीही ओढत नाही. ती फक्त थंड असते. म्हणून तिच्यावरचा उपाय दोनच बाजूंनी होऊ शकतो: काच गरम करा, नाहीतर आतली हवा कोरडी करा. बाकी जे काही आहे ते पुसापुशी.

मूळ जीपला हा त्रास का नव्हता? कारण तिला आत आणि बाहेर असा फरकच नव्हता. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची पुढची काच बॉनेटवर पाडता यायची. पाडायची नसेल तर काचेची चौकट खालून बाहेर ढकलून फट ठेवता यायची. दरवाजे नव्हते, वर कॅनव्हासचं हुड. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला या जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा हाच सांगाडा इकडे आला. पावसात आतला माणूस भिजायचा हे खरं, पण काच धरायची नाही. ब्रिटनमध्ये १९४८ साली आलेल्या लँड रोव्हरलाही हीटर हवा असेल तर जादा पैसे मोजून घ्यावा लागे. काचेखाली उघडणारी हवेची झापडं हाच त्या गाडीचा मोठा आधार.

त्या काळातल्या गाड्यांचं दुखणं बाहेरच्या बाजूला होतं, ते म्हणजे वायपर. वायपरचं अमेरिकी पेटंट १९०३ सालचं, मेरी अँडरसन या बाईंच्या नावावर. न्यूयॉर्कच्या ट्रामचा चालक बर्फमिश्रित पावसात काच उघडून थंडीत कुडकुडत गाडी हाकतो, हे बघून त्यांना ती कल्पना सुचली. त्यांचा वायपर हातानं फिरवायचा होता. युद्धकाळातल्या सुरुवातीच्या जीपचा वायपरही हातानंच फिरवावा लागे. नंतर इंजिनच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालणारे वायपर आले, आणि त्यांची खोड घाटात चालवणाऱ्यानंच ओळखावी. पेट्रोल इंजिनचा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम पडतं. म्हणजे चढावर, भर पावसात, गाडी जोर लावत असते नेमका तेव्हाच वायपर रेंगाळतो. मग पाय क्षणभर उचलायचा, वायपरला एक फेरी मारू द्यायची, पुन्हा दाबायचा. ऐंशीच्या दशकात डिझेल इंजिनं घराघरांतल्या जीपमध्ये आली आणि विजेवरच्या मोटरनं हा खेळ संपवला. डिझेलच्या इंजिनाला तशी ओढच नसते.

त्यानंतर आपण जीप सुधारायला घेतली. कोल्हापूरला हे काम कुणी शिकवायला नको. शिवाजी उद्यमनगर आणि आसपासच्या शेडमध्ये लोखंडाचं काहीही बनतं, जुळतं, वाकतं. ताडपत्रीचं हुड गेलं, पत्र्याचं छत आलं. दरवाज्यांना काचा आल्या, मग रबरी पट्ट्या आल्या, मग आतून रेक्झिन, फोम, जाड गालिचे. सोफ्यासारख्या सीटा, छताला फुगीर अस्तर. गाडी दिसायला देखणी झाली आणि आवाजही कमी झाला. सोबत दोन गोष्टी झाल्या. हवा यायच्या-जायच्या फटी बुजल्या, आणि ओल साठवून ठेवणारं किलो-किलोचं सामान आत आलं. हवा बदलायचा रस्ता बंद करून आत स्पंज भरला, तर काच धरणारच. उघड्या जीपमध्ये जे काम फुकट होत होतं, ते बंद जीपमध्ये कुणीतरी करावं लागतं. मोटार बनवणारे ते काम हीटर आणि ब्लोअरवर सोपवतात. अमेरिकेत तर पुढच्या काचेवरची वाफ आणि बर्फ हटवणारी यंत्रणा साठच्या दशकाच्या अखेरीपासून कायद्यानंच सक्तीची आहे.

आपल्याकडच्या जुन्या कमांडरांना बहुतेक हीटर नव्हताच. पुढच्या बंद गाड्यांना तो आला. पण गॅरेजात बॉनेट उघडून बघा: इंजिनकडून केबिनकडे जाणारे दोन रबरी पाइप कापलेले, आणि इंजिनच्या बाजूला एक आखूड तुकडा लावून पाण्याला तिथल्या तिथे वळण दिलेलं. का, विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. आपल्याकडं हीटर कशाला? काश्मीरला जायचंय काय?

हे उत्तर तोंडावर मारण्याइतकं सोपं वाटतं म्हणून टिकून आहे. त्यामागची खरी साखळी वेगळी. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला एक छोटा रेडिएटर, म्हणजेच कोअर. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि ब्लोअरचा पंखा त्याच्यावरून हवा ढकलतो. जुन्या गाडीत वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी घातलं जातं. गंज आणि क्षार त्या बारीक नळ्यांत साठतात, नळी फुटते, आणि चालकाच्या शेजारच्या पायांत पाणी गळू लागतं. नवा कोअर बसवायचा तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो, अख्खा दिवस जातो. पाइप कापून वळवायला दहा मिनिटं पुरतात. मेस्त्रीला दोष द्यावा असं मला वाटत नाही. गाडीवाल्याला दहा मिनिटांचंच काम हवं असतं.

आता त्या कापलेल्या पाइपांची किंमत बघा. गगनबावड्यात बाहेरची हवा वीस अंशांवर आणि पूर्ण भरलेली, म्हणजे शंभर टक्के दमट. ती आत घेऊन काय उपयोग, असं वाटतं. पण तीच हवा हीटरवरून नेऊन चाळीस अंशांवर तापवली, तर तिच्यात एकावन्न ग्रॅम वाफ धरायची जागा तयार होते, आणि पोटात आहेत फक्त सतराच. शंभर टक्के दमट हवा तीस-पस्तीस टक्क्यांवर येते. एक थेंबही बाहेर न काढता हवा कोरडी झाली. ही हवा काचेवर सोडली की काच गरम होते आणि वाफही उडते, दोन्ही कामं एका फुंकरीत. म्हणून कोल्हापूरच्या गाडीला हीटर पौषात लागत नाही, आषाढात लागतो. पावसाळी घाटात हीटर लावायचा म्हटलं की लोक हसतात. आतल्यांना उकडेल, ही तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे वारं ज्या बाजूनं येत नाही तिकडची मागची काच चार बोटं खाली ठेवायची. गरम हवा पुढून येते, ओल घेते आणि मागून निघून जाते.

एसी असलेल्या गाडीचं गणित निराळं, पण तेवढंच सरळ. एसीचं थंड जाळं हवेतली वाफ पाणी करून गाडीखाली टाकतं, म्हणजे तो खऱ्या अर्थानं ओल बाहेर काढतो. एसी आणि हीटर दोन्ही एकदम लावले तर हवा आधी कोरडी होते, मग गरम होते. याहून चांगला इलाज नाही. नव्या गाड्यांत काचेच्या चिन्हाचं बटण दाबलं की बहुतेक वेळा हेच आपोआप होतं. जुन्या गाडीत एकच चूक सर्रास दिसते: आतलीच हवा फिरवत ठेवायची कळ पावसाळाभर दाबलेली असते. उन्हाळ्यात गारवा टिकावा म्हणून ती दाबली, ती दाबलेलीच राहिली. बारा माणसांचा श्वास मग त्याच बारा माणसांना परत मिळतो.

ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांनी आपापले उपाय शोधलेले आहेत, आणि त्यांना उगाच हसू नये. ट्रकवाले बाहेरच्या काचेवर तंबाखू चोळतात. निपाणी कोल्हापूरहून चाळीस किलोमीटरवर, तेव्हा मालाला तोटा नाही. ओली तंबाखू काचेवरचा तेलकट थर मोडते, पाणी थेंबाथेंबानं न राहता सपाट पसरून वाहतं. कापलेला बटाटाही साधारण हेच करतो. पण हे बाहेरच्या बाजूचे उपाय, आतल्या वाफेवर त्यांचा भरवसा धरू नये. आतून शॅम्पूची पुडी फोडून थेंबभर चोळायची आणि कोरड्या फडक्यानं चमक येईपर्यंत पुसायची, ही युक्ती मात्र पक्की आहे. वाफ मुळात काचेवर बारीक, गोल थेंब म्हणून बसते आणि ते थेंब उजेड चौफेर उधळतात. साबणाचा अदृश्य थर असला की थेंब गोल राहत नाहीत, पसरून पातळ पापुद्रा होतो, आणि त्यातून आरपार दिसतं.

हीच अडचण अंतराळातही आली होती. जून १९६६ मध्ये जेमिनी ९ए या यानातून अमेरिकी अंतराळवीर युजीन सर्नन अंतराळात बाहेर पडले. दोन तासांच्या धडपडीत त्यांच्या शिरस्त्राणाची काच श्वासाच्या वाफेनं अशी धरली की त्यांना समोरचं दिसेना. ठरलेलं काम अर्धवट टाकून ते आत परतले. त्यानंतरच्या मोहिमांत नासानं काचेला आतून वाफरोधक द्राव लावायला सुरुवात केली. कुळी तीच, साबणाची. शॅम्पूच्या पुडीची एकच मर्यादा. ती वाफ थांबवत नाही, फक्त दिसू देते, आणि हात फिरला की उतरते.

हात फिरवणं हा मात्र निव्वळ तोटा. तळहाताचं तेल काचेला लागतं आणि उद्याची वाफ नेमकी त्या बोटांच्या रेघांवर आधी धरते. गाडीत विडी-सिगारेट ओढली जात असेल, डॅशबोर्डला चकाकीचा द्राव लावला असेल, तर तोही थर काचेवर जाऊन बसतो. पावसाळ्यापूर्वी आतली काच एकदा साबणाच्या पाण्यानं आणि मग कोरड्या वर्तमानपत्रानं पुसली, तर निम्मी कटकट तिथेच कमी होते. डॅशबोर्डवर बारा व्होल्टचा छोटा पंखा चालकाच्या तोंडाकडे लावलेला असतो. तो काचेकडे वळवला आणि मागची एक काच थोडी खाली घेतली, तर हीटर नसलेल्या कमांडरचंही बऱ्यापैकी भागतं.

सगळी वाफ आतली नसते, हेही सांगितलं पाहिजे. करूळ घाट उतरून वैभववाडीकडे जाताना, विशेषतः एसी जोरात असेल तर, काच बाहेरून धरते. वर थंड झालेली काच खालच्या उबदार, दमट हवेत उतरते आणि कोकणातली वाफ तिच्यावर बाहेरून बसते. इथे आतून कितीही पुसलं तरी फरक पडत नाही आणि माणूस गोंधळतो. ओळखायची खूण म्हणजे वायपरची एक फेरी. तिनं काच साफ झाली तर वाफ बाहेरची. मग एसीचा गारवा कमी करायचा, त्याची हवा काचेवरून हटवायची. चढताना आतून, उतरताना बाहेरून, असा हा घाटाचा साधारण शिरस्ता आहे.

तिसरी जात सर्वांत वाईट. पुसली तरी न जाणारा, चिकट, किंचित गोडसर वासाचा थर काचेवर येतो, पायाखालचा गालिचा ओला लागतो आणि रेडिएटरमधलं पाणी उतरत राहतं. ही पावसाची करामत नाही. हीटरचा कोअर गळतोय आणि ब्लोअर कूलंटची वाफ काचेवर मारतोय. नळाचं पाणी वापरणाऱ्याला तो वासही येत नाही, तेव्हा त्यानं गालिच्याखाली हात घालून बघावं. अशा गाडीचे पाइप तात्पुरते वळवणं योग्यच. ते तात्पुरतेपण वीस वर्षं टिकतं, एवढीच अडचण.

फटींचं कौतुक वर केलं, पण सगळ्याच फटी चांगल्या नसतात. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलं की इंजिनची ऊब आत येते आणि काच कोरडी राहते, हे जुने चालक सांगतात. ते खरं आहे. पण त्याच वाटेनं सायलेन्सरच्या सांध्यातून गळणारा धूरही येतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ती फट बुजवलीच पाहिजे. तसंच पुढच्या काचेभोवतीचं रबर. ऊन खाऊन ते कडक झालं की कोपऱ्यातून पाणी झिरपतं, डॅशबोर्डमागून उतरून थेट गालिच्यात जातं. नवं रबर बसवणं हे खाचेत दोरी ओवून, आतून ती दोरी सावकाश ओढत ओठ बाहेर काढायचं काम आहे. हात बसलेला कारागीर ते तासाभरात करतो. बॉनेट आणि काचेमधल्या जाळीखाली पाला साचून पाण्याची वाट तुंबते, आणि काचेकडे जाणाऱ्या ब्लोअरच्या पाइपात उंदीर घर करतात. हे दोन्ही बघायला हत्यार लागत नाही.

जुनी गाडी बाळगणं आता महागलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं वीस वर्षांवरच्या चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क दहा हजार रुपये केलं. तरीही कोल्हापूरच्या, एमएच-०९ च्या जुन्या जीप रस्त्यावरून हटलेल्या नाहीत, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण कागदासाठी दहा हजार मोजणारा माणूस दोन हातभर रबरी पाइपासाठी मागेपुढे बघतो, हे काही केल्या पटत नाही.

खंडेनवमीचा झेंडू बॉनेटवर सुकतो तेव्हा पाऊस नुकताच गेलेला असतो. जुनी जीप बाळगणाऱ्यानं त्याच आठवड्यात गालिचे आणि त्याखालचा फोम बाहेर काढून चार दिवस कडक उन्हात टाकावेत, पत्र्यावरचा गंज खरवडून रंग मारावा आणि आतली हवा फिरवायची कळ मोकळी सोडावी. मग मेस्त्रीला सांगावं की हीटरचा कोअर उतरव, धुऊन बघ, गळत असेल तर बदल, आणि ते दोन पाइप पुन्हा जोड. तो विचारेल, काश्मीरला निघालाय काय. गगनबावड्याला, म्हणून सांगा.